सावडीची गोधडी

पत्र्याच्या पेटीत आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, सात लुगडी पडून होती, सहा वर्षं. त्या गेल्यावर जी नेसण्यासारखी होती ती नणंदांनी नेली, एक शेजारच्या आजींनी आठवण म्हणून मागून घेतलं, आणि उरली ती अशी की कुणाला देता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. विरलेली, मऊ, काही ठिकाणी रफू केलेली. दर दिवाळीला पेटी उघडायची, लुगडी उन्हात टाकायची, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि परत घड्या घालून ठेवायच्या. आमच्याकडे अशा जुन्या झालेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात. जुन्नर हे नावही जीर्णनगरावरून आलंय असं म्हणतात, त्यामुळे मला नेहमी वाटतं की आमच्या तालुक्याचं आणि या कापडाचं काहीतरी नातं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही ओतूरच्या जवळ राहतो. रान दीड एकर, एक विहीर, एक डांगी गाय आणि तिचं वासरू, चार शेळ्या, कोंबड्या, अर्धा एकर कांदा, थोडी मेथी-कोथिंबीर, बांधाला आंबे आणि शेवगा. पुण्यातली नोकरी संपवून आम्ही दोघं इथे आलो त्याला आता नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली तीन वर्षं आत्याबाई होत्या. जे काही शेतीतलं मला येतं ते त्या तीन वर्षांत शिकलेलं आहे. गोधडी मात्र शिकायची राहून गेली. त्या दर उन्हाळ्यात अंगणात गोधडी घालायच्या, मी बाजूला बसून सुया ओवून द्यायचे, आणि पुढच्या वर्षी नीट शिकू असं म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी मी एक लुगडं शहरातल्या एका दुकानात मशीनवर गोधडी शिवायला दिलं होतं. महिन्याने गोधडी आली, वरून छान दिसत होती, पण हातात घेतली तर हलकी आणि सळसळीत. एका कडेला उसवून बघितलं तर आत पॉलिस्टरची भर, आणि आमचं लुगडं त्यात कुठेच नाही, वरचं कापडसुद्धा दुसरंच. विचारलं तर म्हणाले, ते फार जुनं होतं मॅडम, टाके धरत नव्हतं, म्हणून चांगलं नवीन लावलंय. ते लुगडं कुठे गेलं ते त्यांना सांगता आलं नाही. मी घरी येऊन खूप रडले होते. तेव्हापासून उरलेली सहा लुगडी कुणाच्या हातात द्यायची नाहीत हे पक्कं केलं होतं.

तर यावर्षी फेब्रुवारीत आमच्या होस्टेलच्या मैत्रिणींचा फोनवर ग्रुप कॉल चालला होता. आम्ही चौघी, बी.एड.च्या वेळच्या, पस्तीस वर्षांची मैत्री. एक नाशिकला, एक ठाण्याला, एक अमेरिकेत ओहायोला आणि एक मी. (नावं लिहू नकोस असं तिघींनी बजावलंय, म्हणून गावावरूनच ओळखा.) ओहायोवाली तिथे जाऊन क्विल्टिंग, म्हणजे तिकडची गोधडी, शिकली, तिचा तिथल्या बायकांचा ग्रुप आहे, आणि त्या वर्षातून एकदा शिलाई मशिनी गाडीत घालून कुठल्यातरी फार्महाउसवर तीन दिवस राहायला जातात, दिवसभर शिवायचं, आळीपाळीने स्वयंपाक करायचा, रात्री परत शिवायचं. त्याला त्या रिट्रीट म्हणतात. ती फोटो दाखवत होती आणि मी अचानक म्हणाले, अगं माझ्याकडे फार्म आहे, लुगडी आहेत, फक्त तुम्ही नाही आहात. दोन मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. मग नाशिकवाली म्हणाली, एप्रिलमध्ये येते मी. ठाणेकरीण म्हणाली मी पण. आणि ओहायोवालीने एप्रिलमधलं भारतातलं आपलं भाच्याच्या लग्नाचं तिकीट चार दिवस अलीकडे आणलं.

तारीख ठरवली ती अक्षय तृतीयेच्या आठवडाभर आधीची. गोधडीचा मोसमच तो. चैत्र-वैशाखात रानातली कामं उरकलेली असतात, ऊन कडक असतं म्हणून कापड धुवून खडखडीत वाळतं, आणि पाऊस पडायच्या आत पांघरुणं तयार व्हायला हवी असतात. फक्त यावर्षी आमचा कांदा मागे पडला होता, लागणच उशिरा झाली आणि काढायला मजूर मिळेनात. ह्यांनी कॅलेंडर बघून सांगितलं की बरोबर त्याच आठवड्यात कांदा काढून रानात पडलेला असणार. मी म्हटलं असू दे, आम्ही अंगणात असू, कांदा रानात असेल, आमचं काय अडणार आहे.

आल्या तिघी एका गाडीतून, नारायणगावच्या पुढे रस्ता चुकून तासभर उशिरा, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या ठाणेकरणीने गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्याला मिठी मारली. ओहायोवालीने बॅग उघडली तर त्यात कापड कापायचं ते गोल पात्याचं कटर, खाली अंथरायची हिरवी मॅट, मापाच्या पारदर्शक पट्ट्या, टाचण्या, खडू, सहा तऱ्हेच्या सुया. सगळं नीट डब्यांमध्ये. शेजारच्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. आजींचं वय अठ्ठ्याहत्तर, आत्याबाईंच्या जिवाभावाच्या, चाळीस उन्हाळे दोघींनी मिळून गोधड्या घातलेल्या. त्यांनाच आम्ही गुरू म्हणून बोलावलं होतं. त्यांनी ते कटर हातात घेऊन बघितलं, चांगलं हाय म्हणाल्या, खाली ठेवलं, आणि लुगड्याच्या काठाला दातांनी एक छेद देऊन दोन्ही हातांनी सर्रकन फाडलं. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आत्याबाईंचं लुगडं आहे ते. आजी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "फाडलं की कापड सुतासुतानं जातं, तिरकं जात न्हाय. कातरीला कळत न्हाय सूत."

आणि ओहायोवाली उडालीच, कारण तिच्या ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर बाई पण कापड फाडूनच घेतात म्हणे, सरळ धाग्यावर यावं म्हणून. मग तिने मॅट आणि पट्ट्या परत बॅगेत ठेवल्या आणि तीन दिवस त्या बाहेर आल्या नाहीत.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा माणसाच्या उंचीपेक्षा जरा जास्त भरतो, आणि पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो म्हणून रुंदीला जोड द्यावा लागतो. आम्ही चार लुगडी घेतली. त्यातलं सगळ्यात धड असलेलं हिरवं इरकल खाली अस्तराला, दोन अगदी विरलेली आत भरीला, बरोबर मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, एक धोतर, आणि वरच्या बाजूला जोडायला चौथ्या लुगड्याचे आणि सगळ्यांच्या काठांचे तुकडे. काठ आधी सोडवून घ्यायचे, ते आत घातले तर जाड होतात, सुई जात नाही. नुसतं सुती कापड घ्यायचं हे आजींनी चार वेळा सांगितलं. नायलॉनच्या साड्या आल्या आणि गोधडीचं वाटोळं झालं असं त्यांचं स्पष्ट मत आहे. सुई सटकते, टाका बसत नाही, घाम टिपत नाही, आणि थंडीत अंगाला गार लागते. मला ते पूर्ण पटतं. बाजारातली रंगीत गोधडी फोटोत कितीही चांगली दिसली तरी अंगावर घेतल्यावर लगेच कळतं.

अंगण आदल्या दिवशी सारवलं होतं. त्यावर अस्तर पसरलं, चार कोपऱ्यांना चार धोंडे, मग एकेक थर, प्रत्येक थर हाताने कडेपर्यंत निपटून घ्यायचा. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. यालाच अर्धा दिवस गेला. मग चौघी चार बाजूंना बसलो, पाचव्या आजी, आणि खरा धावदोरा सुरू झाला. कडेने सुरू करायचं आणि गोल गोल आत जायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. ओहायोवालीला इथे फार काळजी वाटली, कारण त्यांच्याकडे नेमकं उलटं शिकवतात, मधून सुरू करा आणि बाहेर जा, नाहीतर सगळा झोळ मध्यावर गोळा होतो आणि चुण्या पडतात. ती म्हणाली आजी, मध्ये फुगणार हे. आजींनी तिचा हात धरून कापडावर ठेवला आणि दाखवलं की प्रत्येक ओळीआधी डाव्या तळव्याने कापड आत ढकलत जायचं, झोळ पुढे पुढे सरकवत न्यायचा, आणि वर्षानुवर्षं धुतलेलं जुनेर असेल तर ते स्वतःच झोळ जिरवतं. नवीन कापड जिरवत नाही. म्हणजे आपली पद्धत ही जुन्या कापडाची पद्धत आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

नाशिकवालीने कर्नाटकातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या) बायकांच्या गोधड्या एका प्रदर्शनात बघितल्या होत्या, यल्लापूर-हल्याळकडच्या. कवंदी म्हणतात त्याला. त्याही कोपऱ्यातून सुरू होऊन गोल गोल आत जातात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या दुमडून फुलं लावतात, फुलांशिवाय गोधडी उघडी दिसते असं मानतात. आजींना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच काठाचे तुकडे दुमडायला घेतले. त्यामुळे आमच्या गोधडीला चार कोपऱ्यांना चार फुलं आहेत, कर्नाटकातली पद्धत, जुन्नरचं कापड.

आजींना लांबचं चांगलं दिसतं पण सुईचं नाकं दिसत नाही. म्हणून रोज सकाळी पहिलं काम म्हणजे त्यांच्यासाठी दहा-बारा सुया ओवून पुठ्ठ्याला टोचून ठेवायच्या. पस्तीस वर्षांपूर्वी होस्टेलला आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो तसं चौघी गोलात बसून सुया ओवत होतो. चहा चुलीवर, शेजारी गाय रवंथ करतेय. सकाळी सहाला धार, मग शेण-गोठा, कोंबड्या सोडायच्या, साडेसातपर्यंत न्याहारी आणि आठला सुई हातात. दुपारी बारा ते चार अंगणात बसवत नाही, एप्रिलचं ऊन, तेव्हा पडवीत गोधडी उचलून न्यायची, ती उचलायला पाच जणी लागायच्या.

पहिल्या रात्रीच शेतीची लाईट रात्रीची होती. आमच्याकडे पंपाची थ्री फेज वीज आठवडा दिवसा आणि आठवडा रात्री अशी येते, आणि रात्रीच्या पाळीत रानाला पाणी देणं म्हणजे जिवावरचं काम, कारण उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते पर्यटकांना माहीत असतं, पण इथे राहणाऱ्याला बिबट्या म्हणजे शेळ्यांच्या गोठ्याला लावलेली जाळी, संध्याकाळी सातच्या आत घरात घेतलेली पोरं, आणि एकट्याने कधीही वाकून काम न करणं. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटतो. ह्यांना मेथीला पाणी द्यायचं होतं. नेहमी मी बरोबर जाते, बॅटरी घेऊन, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून. त्या रात्री आम्ही पाच जण गेलो. तिघी बांधावर उभ्या राहून जोरजोरात गप्पा मारत होत्या, होस्टेलच्या मेसच्या, रेक्टरबाईंच्या, आणि ह्यांनी निवांत पाण्याचे बारे बदलले. नंतर घरी आल्यावर ह्यांनी इतकंच म्हटलं, आज पहिल्यांदा मागे वळून बघितलं नाही मी. नऊ वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि मला तेव्हा कळलं की ते रोज रात्री घाबरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हरिश्चंद्रगडाच्या बाजूने आभाळ आलं. आधी वारा, मग तो मातीचा वास. आम्ही पडवीत शिवत होतो. रानात अर्धा एकर कांदा उपटून पडलेला, पातीसकट, वाळायला ठेवलेला. काढल्यावर तीन-चार दिवस पातीच्याच सावलीत तो रानात सुकवायचा असतो, मग पात कापून कांदाचाळीत साठवायला भरायचा. सुकताना भिजला की संपलं, चाळीत महिन्याभरात सडायला लागतो आणि शेजारच्या कांद्यालाही लावतो. उन्हाळ कांद्याचा सगळा अर्थच तो टिकण्यात आहे, चार-पाच महिने ठेवून पावसाळ्यात विकायचा, तेव्हा कुठे दोन पैसे दिसतात. त्यामुळे मी सुई तशीच टोचून पळाले. मला वाटलं मी एकटीच पळतेय आणि मागे बघते तर तिघी पदर खोचून माझ्या मागे, ठाणेकरीण अनवाणी.

पाऊण तास. ह्यांनी आणि मी ताडपत्र्या ओढल्या, त्या तिघींनी कांद्याचे ढीग केले, हाताने, फावड्याने, घमेल्याने, जे सापडेल त्याने, शेजारच्या आजींचा नातू मोटारसायकल टाकून आला, त्यांच्या घरची ताडपत्री घेऊन. कडांवर धोंडे ठेवेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले. मग गारा, बोराएवढ्या. आम्ही सगळे शेडखाली उभे राहून बघत होतो आणि मला कुणाकडे बघवेना. या बायका सातासमुद्रापलीकडून, ठाण्याहून, नाशिकहून, आराम करायला आल्या होत्या, तीन दिवस फक्त शिवायचं असं ठरवून, आणि मी त्यांना चिखलात उभं केलं होतं. कडेचा थोडा कांदा भिजला, बाकी वाचला. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर भिजलेला वेगळा करून ओट्यावर पसरला, तो घरी खायला आणि ओला विकायला. त्या दिवशी गोधडीची एक ओळही पुढे गेली नाही.

रात्री मी माफी मागायला लागले तर आजी मध्येच बोलल्या, "आगं ही सावड हाय. सावडीला कोन माफी मागतं व्हय."

सावड. हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, सावड म्हणजे आज तुझ्या रानात आम्ही सगळे, उद्या माझ्या रानात तुम्ही सगळे. पैसे नाहीत, दिवस मोजायचे. माझ्याकडे तू दोन दिवस आलीस तर मी तुझ्याकडे दोन दिवस यायचं, आणि ती फेडायचीच, विसरायची नाही. इर्जिकीत वेगळं असतं, सगळे आपापले बैल-नांगर घेऊन एकाच्या रानात येतात आणि तो जेवू घालतो. आणि आमच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत, पडकई आहे, सगळ्या घरांनी मिळून उतारावर एकेकाची भातखाचरं काढून द्यायची. आता मजूर मिळत नाहीत, ट्रॅक्टर आले, ज्याचं त्याचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे सावड कमी झालीये, पण शब्द आहे आणि आजींच्या पिढीला त्याचा हिशोब अजून पाठ आहे. आजींनी सांगितलं की गोधडीचीही सावडच असायची. आज माझ्या अंगणात, चार दिवसांनी तुझ्या. एकटीने गोधडी घालायला बसलं की महिना जातो, आणि कंटाळून टाके लांब पडतात. चौघी बसल्या की तीन दिवस.

ओहायोवाली बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं की तिच्या ग्रुपच्या रिट्रीटमध्ये प्रत्येक बाई आपलं आपलं क्विल्ट शिवते, शेजारी शेजारी बसून, मदत करतात पण काम ज्याचं त्याचं. पूर्वी तिथेही एक क्विल्ट चौकटीला ताणून गावच्या बायका भोवती बसायच्या. मग तिने फोनवर अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या दाखवल्या. नदीच्या वळणात वसलेलं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं खेडं, आणि तिथल्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या. 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं आणि 2006 मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. त्यातली एक मिझुरी पेटवे नावाच्या बाईंनी 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची शिवलेली, आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गुडघ्यांपाशी विटलेल्या पँटींचे तुकडे त्यात तसेच दिसतात. आजींनी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला आणि विचारलं, ही बाई शेतातली का? हो म्हटलं. मग त्यांनी मान हलवली आणि फोन परत दिला.

तिसऱ्या दिवशी पाचलाच उठलो. त्या दिवशी मला वरच्या भागात तो तुकडा सापडला. म्हणजे तो आम्हीच लावलेला होता पण घाईत बघितला नव्हता. चौथ्या लुगड्याचा ओच्याचा भाग, त्यावर तपकिरी डाग, एकात एक मिसळलेले. कैरीचा चीक. दर उन्हाळ्यात आत्याबाई बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या ओच्यात घेऊन यायच्या, मी पिशवी देते म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत, आणि चिकाचा डाग कधी जात नाही. शेजारी त्यांचं रफू, बारीक, आडव्या-उभ्या धाग्यांचं, बोट फिरवलं तरच कळेल असं. मी त्या डागावरून ओळ घालताना दोरा बदलला, लाल घेतला, म्हणजे पुढे कुणी बघेल तर तिथे थांबेल.

टाक्यांवरून एक वाद झाला तेवढा. ठाणेकरणीच्या बाजूचे टाके लांब लांब आले होते, तांदळाच्या दाण्याऐवजी भुईमुगाच्या शेंगेएवढे, आणि ती स्वतःच म्हणत होती की उसवू या, तुझ्या सासूबाईंची गोधडी आहे, माझ्यामुळे खराब नको. माझ्याही मनात क्षणभर आलं होतं, खोटं कशाला बोलू. आजींनी तिला उसवू दिलं नाही. त्यांनी घरातली आत्याबाईंची जुनी गोधडी आणायला लावली आणि त्यावर बोट ठेवून दाखवत गेल्या, ही माझी ओळ, ही तुझ्या सासूची, ही खालच्या आळीतली, तिचा हात जड होता, आणि हे वाकडंतिकडं हाय ते तुझ्या नणंदेचं, नऊ वर्षांची होती. मी ती गोधडी इतकी वर्षं पांघरत होते आणि मला ती एका हाताची वाटत होती. आता रोज रात्री माझा हात त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या ओळीवर जातो.

दुपारचं जेवण मासवडी. ते पण एकटीचं काम नाही. एकीने बेसन घाटायचं, एकीने सारण परतायचं, खोबरं-तीळ-कांदा-लसूण, एकीने ओलं फडकं ताणून धरायचं आणि एकीने त्यावर गरम पीठ थापायचं, कारण ते गार झालं की वळत नाही. फडक्यासकट उचलून वळकटी करायची. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा, आणि भिजलेल्या ढिगातला फोडलेला कांदा. नाशिकवाली म्हणाली तिने आयुष्यात इतका गोड कांदा खाल्ला नाही. कदाचित खरंच गोड होता.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मध्ये साधारण परातीएवढी जागा शिवायची राहिली होती. मला फार वाटत होतं की संपवूनच जावं, पण ठाणेकरणीला दुसऱ्या दिवशी शाळा होती. गाडी रस्त्याला लागली आणि अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

उरलेलं आजींनी आणि मी मिळून केलं, रोज सकाळी तासभर. शेवटची ओळ मुद्दाम अक्षय तृतीयेला ठेवली. सकाळी पितरांना नैवेद्य झाला, आत्याबाई आणि मामांच्या नावाने पाण्याची घागर दिली, आणि मग आजींनी नैवेद्याच्या पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा मधल्या भोकातून आत सरकवला. पोट उपाशी ठिवू नये, म्हणाल्या. हळदीकुंकू लावलं. शेवटचा टाका मला घालायला लावला, माझा हात थरथरत होता, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

मध्यावर एक सुरकुती आलीच. ओहायोवालीला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, हाच भाग मला सगळ्यात आवडला.

सावडीचा हिशोब असा आहे. माझ्याकडे तिघी तीन-तीन दिवस आल्या, शिवाय कांद्याचा अर्धा दिवस. नाशिकचे तीन दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलेत, तिच्या आजीच्या दोन नऊवारी निघाल्यात. ठाणेकरणीच्या आईच्या सहावारी आहेत, वॉयलच्या, सुती आहेत म्हणजे चालतील, आणि फ्लॅटमध्ये अंगण नाही तर गच्चीवर बसू, दिवाळीच्या सुट्टीत. ओहायोचं मोठं आहे, ते पुढच्या वर्षी, व्हिसा मिळाला की. नाशिकला जायच्या दिवसांत धार काढायला आजींची सून येणार आहे, आणि तिचा एक दिवस माझ्यावर चढलाय, तो तिच्या भुईमुगाच्या खुरपणीला फेडायचाय. अंगुस्तान, मेण आणि तीन रंगांचे दोरे मी पिशवीत भरून ठेवलेत. आजी म्हणतात मी पण येते नाशिकला, मागची सीट ठेवा माझ्यासाठी.